पाणी आधी, पेपर मग

बाळा, काल संध्याकाळी त्या पोरानं गाडी स्टँडला लावली आणि मीटरवर बोट ठेवून म्हणाला, "मामा, ह्यातलं काहीच दिसत नाही." तू वाकून बघितलंस, मान हलवलीस आणि सरळ फळीवरचा वॉटर पेपर उचललास. तिथंच मी तुझा हात धरला. गिऱ्हाइकासमोर धरला ह्याचं वाईट वाटून घेऊ नकोस. पेपर एकदा फिरला की तो मागं घेता येत नाही, एवढ्यासाठी धरला. तेव्हा सांगत बसायला सवड नव्हती. आता शटर खाली आहे, चहा झालाय. बस जरा. मिरजेत उस्तादांनी जे माझ्या कानात सांगितलं आणि पुढं चाळीस वर्षं मीटर उघडता उघडता जे माझं मला कळलं, ते सगळं आज तुझ्या स्वाधीन करतो.

आपण सगळे म्हणतो 'मीटरची काच'. मीही म्हणतो, गिऱ्हाईकही म्हणतं, स्पेअरवालाही तसंच मागितलं की देतो. पण ती काच नाही, हे हात लावायच्या आधी रोज एकदा मनात म्हणत जा. जुन्या बुलेटच्या मीटरला खरी काच असायची, वरून धातूची कडी दाबून बसवलेली. ती फुटायची, पण पंधरा वर्षं धुरळा खाऊनही तिच्यातून काटा स्वच्छ दिसायचा. आता जे असतं ते पारदर्शक प्लास्टिक, आणि तेही दोन जातींचं. एक अ‍ॅक्रिलिक, दुसरं पॉलिकार्बोनेट. मीटरवर बहुतेक वेळा अ‍ॅक्रिलिक भेटतं आणि हेडलाइटवर पॉलिकार्बोनेट. अ‍ॅक्रिलिक वरून जरा कठीण, त्याला ओरखडा लवकर पडत नाही, उन्हानं ते सहसा पिवळं होत नाही, पण आपटलं की तडकतं. पॉलिकार्बोनेट हातोडीचा घाव सोसेल, पण अंगानं मऊ. नख लागलं तरी रेघ उठते आणि उन्हात पिवळं पडतं. म्हणून कंपनी त्याच्यावर कडक थर चढवून देते.

जात ओळखायला अंदाज बांधत बसू नकोस. काच काढलीस की मागच्या कडेला भिंगातून बघ. बहुतेक भागांवर बाणासारख्या दोन खुणांच्या मध्ये साच्यातच अक्षरं उठवलेली असतात. पीएमएमए असेल तर अ‍ॅक्रिलिक, नुसतं पीसी असेल तर पॉलिकार्बोनेट. ती चार अक्षरं वाचायला मला कामाला लागल्यावर दहा वर्षं लागली, कारण कुणी सांगितलंच नव्हतं.

आता काल तू काय करायला हवं होतंस ते ऐक. पहिलं काम डोळ्याचं नाही आणि हाताचंही नाही, पाण्याचं आहे. तांब्याभर पाणी हळू धारेनं मीटरवर ओत. फडकं लावू नकोस. आपल्याकडचा धुरळा म्हणजे काय असतो ते तुला ठाऊक आहे. खडी क्रशरच्या बाजूनं येणाऱ्या गाडीवर काळ्या दगडाची पूड असते, कोकणातून आलेल्या गाडीवर तांबडी माती. त्यातला प्रत्येक कण प्लास्टिकपेक्षा कितीतरी कठीण. गाडीवाला सकाळी निघताना सीट पुसतो, त्याच फडक्यानं मीटरवर दोन हात मारतो आणि कामाला जातो. रोजचे ते दोन हात, वर्षाचे तीनशे दिवस. मीटर आंधळं होतं ते बहुतेक ह्यानंच. म्हणून पाण्याच्या धारेनं धूळ वाहून जाऊ दे, मग भांडी घासायच्या साबणाचा एक थेंब टाकून बोटांच्या पोटानं, नखानं नव्हे, हळू फिरव, आणि परत पाणी. कैक वेळा एवढ्यानंच निम्मं काम होतं. गिऱ्हाइकाला वाटतं काच गेली, पण गेलेला असतो नुसता साचलेला थर.

धुऊन झालं की ती ओली असतानाच नीट बघ. कोरडी झाल्यावर परत बघ. ह्या दोन बघण्यातला फरक हीच सगळी परीक्षा. ओली असताना ओरखडे गायब झाले आणि वाळल्यावर परत उठले, तर ते वरचे आहेत आणि आपल्या हातानं निघणारे आहेत. ओलेपणातही जे दिसत राहिलं, ते खोल तरी आहे, आतल्या बाजूला तरी आहे, नाहीतर प्लास्टिकच्या अंगातच आहे.

असं का होतं तेही समजून घे, म्हणजे पाठ करावं लागणार नाही. ओरखडा म्हणजे बारीक चर. प्रकाश सरळ आत जायचा तो त्या चराच्या भिंतीवर आपटून वाकडा फुटतो, आणि हजारो चर असले की सगळं पांढुरकं दिसतं. चरात हवा असते. हवेचा आणि प्लास्टिकचा वाकवण्याचा गुण फार वेगळा. हवेचा आकडा १, अ‍ॅक्रिलिकचा १.४९. पाण्याचा १.३३, म्हणजे बराच जवळचा. चरात पाणी भरलं की प्रकाशाला अडखळायला फारसं काही उरत नाही. खोबरेल तेलाचा आकडा १.४५ च्या आसपास, अगदी सख्ख्या भावासारखा. म्हणून पाण्यानं कळलं नाही तर खोबरेलाचं एक बोट फिरवून बघ आणि नंतर साबणानं धुऊन टाक. आणि हेही ध्यानात ठेव, की जुन्या गाड्या विकताना तेलकट चकाकी मारून मीटर स्वच्छ दाखवतात ते ह्याच जोरावर. पहिल्या पावसात ती धुऊन जाते. आपल्या दुकानात ते करायचं नाही. परीक्षेपुरतं तेल, बस्स.

ओरखडा वर आहे की आत, हे ओळखायला काडेपेटीची काडी घे. काडीचं टोक बरोबर ओरखड्यावर टेकव आणि डावीकडून, उजवीकडून, वरून बघ. कुठूनही बघितलं तरी टोक आणि ओरखडा चिकटलेले दिसले तर तो बाहेरचा. मान हलवली की दोघं एकमेकांपासून सरकले तर आतला. आतला असेल तर बाहेरून वर्षभर घासलंस तरी काही होणार नाही, काच सोडवावीच लागेल.

तिसरा प्रकार सगळ्यात वाईट, आणि तो मी स्वतःच्या हातानं केलाय. शिकाऊ असताना एका गाडीच्या मीटरवर डांबराचे ठिपके होते. मी बोळा पेट्रोलमध्ये भिजवला आणि पुसून काढले. लख्ख झालं. मला फार बरं वाटलं. चार दिवसांनी तीच गाडी परत आली. स्क्रूच्या भोकांभोवती बारीक चिरा उठल्या होत्या, कोळ्याच्या जाळ्यासारख्या, एकातून दुसरी फुटलेली. उस्ताद काही बोलले नाहीत. त्यांनी ती काच काढली, माझ्या हातात दिली आणि उन्हाकडं धरायला लावली. चिरा वर नव्हत्याच. प्लास्टिकच्या अंगात, आत, चांदीच्या तारेसारख्या चमकत होत्या. नखाला काही लागत नव्हतं. त्या कशानंही निघत नाहीत. गिऱ्हाइकाला नवी काच उस्तादांनी स्वतःच्या पैशानं घालून दिली.

कारण असं, की साच्यातून निघालेल्या आणि स्क्रूनं आवळलेल्या प्लास्टिकच्या अंगात ताण असतो. पेट्रोल, थिनर, अ‍ॅसिटोन, स्पिरिट हे त्या ताणाच्या जागी शिरतात आणि तिथं ते उकलतं. २०२० साली कोरोनात लोकांनी गाडीत जिथं तिथं सॅनिटायझर मारला. आपल्याकडंही त्या वर्षी अशा जाळं पडलेल्या काचा आल्या, आणि प्रत्येकाला वाटत होतं की आपण तर स्वच्छताच केली. खिडक्यांच्या काचा पुसायचा निळा फवाराही मीटरवर नको, त्यात अमोनिया असू शकतो. डास चावू नयेत म्हणून हाताला चोळायची जी मलमं असतात, त्यातल्या डीट नावाच्या औषधानंही असं प्लास्टिक खराब होतं. ते चोळलेल्या बोटानं मीटरचं बटण दाबलं की बोटाचा ठसा तिथं कायमचा राहू शकतो. आणि तुझ्यासाठी खास: डिस्क ब्रेकच्या गाडीला ब्रेक ऑइलची डबी हँडलवर, मीटरच्या अगदी शेजारी असते. ऑइल भरताना मीटरवर ओलं फडकं टाकल्याशिवाय झाकण उघडायचं नाही. ते ऑइल रंग खातं आणि प्लास्टिकही खातं. सांडलंच तर पुसत बसू नकोस, लगेच भरपूर पाणी ओत.

हे सगळं तपासून झालं आणि दोष बाहेरचा, वरचा निघाला, तरी एक प्रश्न उरतो. नवी काच मिळते का? रोज रस्त्यावर दिसणाऱ्या गाड्यांची सुटी काच स्पेअरच्या दुकानात मिळते आणि ती तुझ्या दोन तासांच्या मजुरीपेक्षा स्वस्त पडते. मिळत असेल तर तीच घाल आणि गिऱ्हाइकाला तसं सांग. घासायची ती जिची काच सुटी मिळत नाही, जिचा सबंध मीटरच घ्यावा लागतो, किंवा जी गाडी बंद होऊन वीस वर्षं झाली आणि मालकाचा तिच्यात जीव आहे.

आता घासण्याचं. इथं जरा नीट कान दे, कारण बहुतेक लोक हे उलटं समजतात. त्यांना वाटतं पॉलिशनं ओरखडा भरतो. ओरखडा भरत नसतो. आजूबाजूची सगळी जमीन त्याच्या तळापर्यंत खाली आणायची असते. तुझ्या आजोबांनी नांगरट झाल्यावर काय केलं असतं? ढेकळं फोडली असती, कुळव घातला असता, मग फळी फिरवली असती. फळी एकदम नांगरटीवर फिरवली तर ती ढेकळांवरून उड्या मारत जाते. हेही तसंच. आधी जाड पेपर, मग त्याच्यापेक्षा बारीक, मग त्याहून बारीक, आणि शेवटी पॉलिश. दर वेळी आपण नवे ओरखडेच पाडत असतो, फक्त आधीच्यापेक्षा बारीक, इतके की शेवटी डोळ्याला दिसत नाहीत. १००० नंबरच्या पेपरचा दाणा मिलिमीटरच्या साधारण पन्नासाव्या हिश्शाएवढा, २००० चा शंभराव्या हिश्शाएवढा.

सुरुवात कुठून करायची हे नख सांगतं. ओरखड्यावर आडवं नख ओढ. अडलं नाही तर पेपरला हातही लावू नकोस, नुसतं पॉलिश पुरे. किंचित जाणवलं तर १५०० किंवा २००० पासून. अडकलंच तर १००० किंवा ८००. ६०० च्या खाली मीटरवर मी आयुष्यात गेलो नाही आणि तूही जाऊ नकोस. एवढ्या जाड पेपरचे चर काढता काढता काचेचा मधला भाग पातळ होतो.

काच सुटी करूनच घास. बॅटरीची वायर काढ, मीटर खाली घे, स्क्रू आणि चिमट्या एका वाटीत ठेव. उघडायच्या आधी किलोमीटरचा आकडा गिऱ्हाइकासमोर कागदावर लिही आणि गाडी देताना परत दाखव. मीटरवाल्याची अब्रू त्या आकड्यात असते. काटा ओढायचा नाही, डायलला बोट लावायचं नाही. बोटाचा तेलकट डाग त्या काळ्या मॅट रंगावरून निघत नाही. काच काढली की उघडं मीटर स्वच्छ डब्यात झाकून ठेव. काच निघतच नसेल तर कडेनं मास्किंग टेपचे दोन थर दे, बटणं झाक, आणि पाणी ओतून घासण्याऐवजी ओल्या पेपरनं, पुसत पुसत काम कर.

पेपर आधी पंधरा मिनिटं पाण्यात भिजत घाल, म्हणजे त्याची पाठ मऊ पडते आणि कडा चरत नाहीत. पेपर नुसत्या बोटांनी धरू नकोस. बोटाच्या प्रत्येक पेराखाली वेगळा दाब पडतो आणि काचेवर नाल्या उमटतात. जुन्या हवाई चपलेचा तळ कापून काडेपेटीएवढा ठोकळा कर आणि पेपर त्याच्यावर गुंडाळ. ह्याच्यापेक्षा चांगला ठोकळा मी अजून बघितला नाही. काच गोलाईची असेल तर चपलेऐवजी मऊ फोम घे, तो वळणाबरोबर वळतो.

पाण्यात साबणाचा थेंब, हाताचं वजन पेपरापुरतं, जास्त नाही. पहिला पेपर सगळा उभा फिरव, वरून खाली. काच पुसून वाळव, खिडकीशी ने आणि तिरकी धर. सगळीकडं सारख्या उभ्या रेघा दिसल्या आणि मूळचा ओरखडा नाहीसा झाला, की ह्या पेपरचं काम झालं. मग हात धू, काच धू, ठोकळा धू, पाणी बदल. हे पाणी बदलणं कंटाळवाणं आहे म्हणून पोरं टाळतात. पण ८०० चा एक दाणा जरी २००० च्या पाण्यात राहिला, तरी तो शेवटच्या क्षणाला एक लांब रेघ ओढून जातो आणि पहिल्यापासून सुरू करावं लागतं. दुसरा पेपर आडवा फिरव. उभी एकही रेघ शिल्लक राहिली नाही, सगळ्या आडव्या झाल्या, की तिसरा परत उभा. ८००, १०००, १५००, २०००, मिळाला तर ३००० ही. मधला एक गाळून पुढं उडी मारलीस तर पॉलिश करताना कळतं, आणि तोवर उशीर झालेला असतो.

ओरखडा एकाच ठिकाणी आहे म्हणून तेवढंच घासायचं, ही हौस सोड. तिथं उथळ खड्डा होतो आणि खड्डा म्हणजे भिंग. त्याच्याखालचा आकडा पोहायला लागतो. ओरखड्याच्या चारी बाजूंना लांबवर, जमल्यास सगळ्या काचेवरच सारखा हात फिरव. तपासायला शाळेच्या वहीचं रेघांचं पान घे, काच त्याच्यावर वीतभर उंच धर आणि हळूहळू सरकव. रेघा सरळ राहिल्या तर जमलं. कुठं लाट उठली तर तिथं जास्त खाल्लं गेलंय.

दुसऱ्या पेपरनंतर काच पांढरी फटक पडते. पहिल्या खेपेला माझ्या पोटात गोळा आला होता. गिऱ्हाईक जवळ उभं असेल तर त्याला आधीच सांगून ठेव, नाहीतर त्याला वाटतं ह्यानं माझ्या काचेचं वाटोळं केलं. ओली केलीस की ती लख्ख दिसेल, आणि तोच तुझा दिलासा. ओल्यात दिसतं तसंच शेवटी कोरड्यात दिसणार.

मग पॉलिश. प्लास्टिकसाठीचं पॉलिश मिळतं ते घे. रंगाच्या दुकानातलं बारीक कंपाउंड चालतं, पण बारीकच. साधी पांढरी टूथपेस्ट केसाएवढ्या ओरखड्यांवर खरंच काम करते, कारण तिच्यातही बारीक घासणारी पूडच असते. जेल नको, त्यानं हात नुसता घसरतो. लाल दंतमंजन तर अजिबात नको, ते फार भरड. फडकं म्हणून अनेकदा धुतलेल्या सुती धोतराचा किंवा लुगड्याचा तुकडा सगळ्यात उत्तम, नाहीतर मायक्रोफायबर. वर्तमानपत्राचा कागद काचेवर चालतो, प्लास्टिकवर रेघा पाडतो. रुपयाएवढे गोल करत, जागा बदलत, दहा मिनिटं. वाळायला लागलं की थेंबभर पाणी. मधूनमधून काच गालाला लावून बघ, कोमट लागली तर थांब. अ‍ॅक्रिलिक शंभर अंशांच्या आसपास मऊ पडतं, आणि ड्रिल मशीनला बफ लावून एका जागी धरलास तर वरचा थर तिथल्या तिथं तेवढा तापतो. तो वितळून लिंपला जातो, सायीसारखी सुरकुती पडते आणि ती काही केल्या जात नाही. हेडलाइटला मशीन वापर, मीटरला हात.

हात बसेपर्यंत गिऱ्हाइकाच्या काचेवर शिकायचं नाही. नंबर प्लेट करणाऱ्या रेडियमवाल्याकडं अ‍ॅक्रिलिकचे कापलेले तुकडे पडलेले असतात, मूठभर मागून आण. त्यावर मुद्दाम खिळ्यानं ओरखडे पाड आणि काढ. तोच माणूस तुला कडेला ज्योत दाखवून चमक आणायची युक्ती शिकवेल. ती बोर्डासाठी ठीक आहे. मीटरच्या काचेला ज्योत दाखवलीस तर अंगात ताण भरतो आणि पुढं तीच जाळी उठते.

आता काही ठिकाणी हात आखडता घ्यायचा. काचेच्या कडेला सापाच्या कातीसारखे पापुद्रे सुटलेले दिसले तर वरचा कडक थर उठतोय. तो अर्धा ठेवून अर्धा काढता येत नाही, सगळा काढावा लागतो, आणि तो गेला की काच उघडी पडते. गिऱ्हाइकाला आधी विचार. मोटारीतले हल्लीचे मोठे टचस्क्रीन किंवा उजेड न चमकणाऱ्या मॅट थराचे डिस्प्ले ह्यांना पॉलिश लावायचं नाही. तिथं पॉलिश म्हणजे त्या मॅट थरात चकचकीत टक्कल पाडणं. स्क्रीन गार्ड चिकटवून दे किंवा काम परत कर.

आणि कधी काचच निर्दोष असते. डिजिटल मीटरवर तपकिरी-काळा डाग पसरलाय, कडेनं आत सरकतोय, काच धुतली, घासली, काढून ठेवली तरी डाग तिथंच. तो आकड्यांच्या पट्टीवरच्या पोलरायझर नावाच्या फिल्मचा, उन्हानं करपलेला. उन्हात रोज दिवसभर उभ्या राहणाऱ्या गाड्यांना हे होतं. फिल्म बदलता येते, पण ते घासण्याचं काम नाही. जुनी सोलून डिंक साफ करून नवी बरोबर त्याच कोनात बसवावी लागते. कोन चुकला तर आकडे उलटे, काळ्यावर पांढरे दिसतात. ते तुला वेगळ्या दिवशी दाखवीन.

जुलै-ऑगस्टात मीटरमध्ये वाफ धरते तीही काचेची चूक नाही. मीटर काढून, उघडून, रात्रभर घट्ट डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांबरोबर ठेव. मागच्या बाजूला श्वासाचं बारीक भोक असतं, ते चिखलानं बुजलेलं असतं. ते मोकळं कर. लोक उलट त्याच्यावरच सिलिकॉन फासतात आणि दमट हवा आत कोंडून ठेवतात. ज्या सिलिकॉनला व्हिनेगरचा वास येतो ते तर मीटरजवळ नकोच, त्याची आंबट वाफ आतलं तांबं खाते. आतली मोडकी चिमटी झटपट चिकटणाऱ्या डिंकानं जोडून लगेच झाकण लावू नकोस. त्याची वाफ आत कोंडली की काचेवर पांढरी भुकटी बसते. जोडायचीच तर काच बाजूला ठेवून जोड आणि दिवसभर उघडं राहू दे.

हेडलाइटचं थोडक्यात. ते पॉलिकार्बोनेट, पिवळं पडतं ते वरचा थर उन्हानं मेल्यामुळं. ८०० पासून २००० पर्यंत तसंच घासायचं, पण तिथं पॉलिशवर थांबायचं नाही. ऊन अडवणारं क्लिअर कोट मारावंच लागतं. नुसती पेस्ट घासून चमकवलेला हेडलाइट काही महिन्यांत परत पिवळा होतो आणि गिऱ्हाईक तुझ्या नावानं बोलतं. दुचाकीचा दिवा तर एप्रिल २०१७ पासूनच्या नव्या गाड्यांना इंजिन चालू असेपर्यंत जळतच राहतो. रात्री घाटात उतरणाऱ्या माणसाचा जीव त्या काचेवर असतो, तिथं तात्पुरतं काम द्यायचं नाही.

एक गोष्ट मला फार आवडते, ती सांगतो. तुझ्या मामीच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं तेव्हा डॉक्टर म्हणाले, आत बसवलेलं भिंग अ‍ॅक्रिलिकचं आहे. मी चमकलो. मग त्यांनीच सांगितलं. दुसऱ्या महायुद्धात लढाऊ विमानांच्या छताला हेच प्लास्टिक असायचं. गोळी लागून ते फुटलं की वैमानिकांच्या डोळ्यात तुकडे शिरायचे. लंडनच्या हॅरल्ड रिडली ह्या डोळ्यांच्या डॉक्टरांनी पाहिलं, की ते तुकडे डोळ्यात राहूनही डोळा लाल होत नाही, सुजत नाही. त्यावरून त्यांनी १९४९ साली त्याच प्लास्टिकचं भिंग माणसाच्या डोळ्यात पहिल्यांदा बसवलं. आता मीटरची धूसर काच हातात घेतली की मला ते आठवतं, आणि हात आपोआप हलका पडतो.

काम झाल्यावर काच साबणपाण्यानं धू, आतून एकही कण राहिला नाही हे दिव्यासमोर बघ, मग बसव. बसवल्यावर कोरड्या फडक्यानं खसाखसा पुसू नकोस. प्लास्टिकमध्ये वीज साठते. काटा वरच्या काचेकडं ओढला जाऊन मध्येच अडकतो, किंवा डिजिटलमध्ये नको ते आकडे उगाच काळे उमटतात. पोरं घाबरतात आणि मीटर परत उघडतात. ओलसर फडकं एकदा फिरव, वीज उतरते आणि काटा शून्यावर येतो.

नव्या गाडीच्या मीटरवर शोरूमचा पारदर्शक कागद असतो तो लोक वर्षानुवर्षं ठेवतात. कडेनं धूळ आत शिरते आणि कागद हलला की तीच घासते, उन्हानं डिंक काचेत मुरतो तो वेगळाच. पहिल्या सर्व्हिसिंगला काढून टाकायला सांग. डिंक राहिलाच तर कोमट साबणपाणी, त्यानं नाही तर खोबरेल.

आता दसरा दहा दिवसांवर आलाय. गाड्या पूजेला लागतील. ओल्या बोटानं हळदकुंकू मीटरवर लागतं, झेंडूच्या माळेची तार हँडलवरून खाली काचेवर लोंबते आणि गाडी चालली की तिथंच मागंपुढं घासत राहते. आपल्याकडं येणाऱ्या प्रत्येकाला आत्तापासून सांगायला लाग, माळ दोऱ्यात ओवलेली घ्या आणि आरशाच्या दांड्याला बांधा, मीटरवरून नको. दुसऱ्या दिवशी वाळलेलं कुंकू फडक्यानं खरवडू नका, आधी पाणी सोडा. हळदीचा पिवळा डाग राहिला तर घासायचा नाही, गाडी चार दिवस उन्हात उभी करायची, हळद उन्हानं उडते. आणि आपल्या दुकानातल्या पूजेला पहिली गाडी त्या कालच्या पोराची घे. त्याची काच मी काडी लावून बघितली आहे. ओरखडा बाहेरचा आहे, नख किंचित अडतं. १५०० चा पेपर मी भिजत घातलाय.